पूर्ण्याहून पेशवाईत, व्हाया एकवीरा

महाराष्ट्रात ज्याने कधी मोबाइलवरून मिक्सर, चपला किंवा मुलाची सायकल मागवली आहे, त्याने पूर्णा गाव पाहिलेलं नसेल. पण पूर्ण्याने किंवा त्याच्या शेजारच्या एखाद्या गावाने त्याची सायकल बहुधा पाहिलेली आहे. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालं की कशेळी, काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ अशी गावं लागत जातात आणि गाव कुठे संपलं, गोदाम कुठे सुरू झालं हे नवख्याला कळत नाही. जुन्यालाही आता विचारावं लागतं.

ही गोदामं इथे आली ती जकातीमुळे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरायची, मग माल हद्दीबाहेर ग्रामपंचायतीच्या गावात उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, असा व्यापाऱ्यांचा सरळ हिशेब होता. भाताच्या खाचरांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि आता गोदामंही जाणार असं पुष्कळांनी चहाच्या टपरीवर बसून ठरवून टाकलं. गोदामं गेली नाहीत. ऑनलाइन खरेदीने ती आणखी लांब, रुंद आणि उंच झाली. ज्या शेतात पूर्वी आवणी व्हायची तिथे आता चाळीस फुटी कंटेनर मागे घ्यायची कसरत चालते आणि ‘येऊ दे, येऊ दे’ हा गावातला सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्दप्रयोग झाला आहे.

अशा गावातल्या जोडप्याने लग्नाची पंचविशी कशी साजरी करावी?

लेखासाठी एक जोडपं घेऊ. ते कुणी एक नाही. चार घरांतला नवरा आणि पाच घरांतली बायको जमवून बेतलेलं आहे, म्हणून त्यांना नावं नाहीत. तसंही गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. तो ‘शेठ’, ती ‘वहिनी’. शेठचे दोन गाळे भाड्याने दिलेले आहेत, तिसऱ्याची किल्ली त्याच्याच खिशात असते. लग्न झालं २००० सालच्या मे महिन्यात, आज जिथे दुसरा गाळा आहे त्या शेतात मांडव घालून. आगरी लग्नात खरा थाट हळदीचा. लग्न म्हणजे हळदीनंतर उरलेलं काम. बेंजो पहाटेपर्यंत वाजला, धवलारणीने धवले गाऊन विधी पार पाडले, मटणाचे टोप रिकामे झाले आणि वऱ्हाडातले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीला अक्षता टाकताना उभ्या उभ्या झोपलेले होते. त्याचे फोटो आहेत. व्हिडिओ कॅसेटही आहे, फक्त ती लावायचं यंत्र आता घरात नाही.

लग्नाचे पुढचे वाढदिवस नाक्यावरच्या बॅनरवर झाले. अंजूरफाट्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला आपल्या ओळखीच्या कुणाकुणाचं लग्न कधी झालं हे पाठ करावं लागत नाही. वर पक्षाचे नेते, मध्ये गॉगल लावलेला नवरा, त्याच्या खांद्याच्या उंचीवर बायको, आणि खाली शुभेच्छुकांची अशी रांग की त्यात नवरा-बायकोचा चेहरा शोधावा लागतो. पंचविसाव्याला मात्र मुलीने नकार दिला. मुलगी ठाण्याच्या कॉलेजात जाते आणि तिला जगाची माहिती आहे. ‘पप्पा, बॅनर नको, मटणाचा टोप नको. तुम्ही दोघं एक रात्र जाऊन राहा. हेरिटेज हॉटेलात.’

‘हेरिटेज म्हनजे?’ आजीने विचारलं.

‘जुनं घर असतं आजी. कंदील, पितळेची भांडी, जाडजाड भिंती.’

‘रातचे किती घेतात?’

मुलीने आकडा सांगितला. आजीने तो दोनदा ऐकून घेतला. ‘यवरे पैशे? मना दे त्यातले निम्मे. मी घर सारवून देन, कंदील लावून देन, भाकरी पन टाकून देन.’

आजीचं म्हणणं हसण्यावारी गेलं, पण हिशेबात तिची चूक नव्हती. या पट्ट्यातली जुनी घरं कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, वर कौलं घातलेली. ती पाडून स्लॅब पडला त्याला वीस-पंचवीस वर्षंच झाली आहेत. ज्या पिढीने स्वतःच्या हाताने ते घर पाडलं तीच आता एका रात्रीसाठी तसल्या घरात पैसे देऊन झोपायला निघते. यात वेडेपणा आहे असं नाही. कुडाच्या घरात पावसाळ्यात कुठे बादली ठेवायची हे माहीत असलेल्या माणसालाच न गळणाऱ्या जुन्या घराची खरी किंमत कळते.

जुनेपणाला सरकारनेही मोजमाप लावून दिलं आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या नियमांप्रमाणे वाडा, हवेली, किल्ला किंवा राजवाडा १९५० च्या आधी बांधलेला असेल तर तो हेरिटेज हॉटेल म्हणून दाखल्यास पात्र होऊ शकतो. त्याच्या वर ‘क्लासिक’ आणि ‘ग्रँड’ असे दोन दर्जे आहेत, त्यांना १९३५ च्या आधीची इमारत लागते. गंमत ग्रँडची आहे. थंड हवेचं ठिकाण नसेल तर ग्रँडमधल्या निदान निम्म्या खोल्या वातानुकूलित हव्यात. म्हणजे इतिहास जितका भारदस्त, तितके एसी जास्त. शिवकाळात राहायला आलेल्या पाहुण्याला उकडता कामा नये, ही काळजी भारत सरकार घेतं.

भारतात हा धंदा संस्थानिकांनी सुरू केला. जयपूरच्या रामबाग राजवाड्याचं हॉटेल १९५७ मध्ये झालं, उदयपूरच्या तळ्यातला महाल पुढे त्याच वाटेने गेला, आणि १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर उरलेल्या राजेरजवाड्यांनाही पाहुण्यांचं महत्त्व पटलं. राजाच्या घरी राहायला पूर्वी आमंत्रण लागायचं. आता आधार कार्ड लागतं.

घरात तीन पर्याय निघाले.

पहिला ताजमहाल हॉटेलचा. ते जमशेटजी टाटांनी बांधलं आणि १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं तेव्हा त्यात जुनं म्हणावं असं काहीही नव्हतं. विजेचे दिवे, अमेरिकेचे पंखे, जर्मनीची लिफ्ट, तुर्की पद्धतीची स्नानगृहं. मुंबईकर तिथे भविष्यकाळ पाहायला जायचे. सव्वाशे वर्षांच्या आत तेच हॉटेल भूतकाळ पाहायला जायची जागा झालं, आणि त्यासाठी त्याला जागचं हलावंसुद्धा लागलं नाही. शेठचं मत वेगळं पडलं. मुंबईत रोजच्या ट्रॅफिकमध्ये जायचं, तर ते सेलिब्रेशन कसलं? शिवाय समोर गेटवे, म्हणजे ओळखीचं कुणीतरी भेटणारच.

दुसरा माथेरानचा. या डोंगरावर पहिलं पाऊल टाकल्याचा मान १८५० मध्ये ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरला दिला जातो, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या माणसाचा त्यावर थोडा हक्क आहेच. गोऱ्या साहेबांचे व्हरांडेवाले जुने बंगले तिथे आता हॉटेलं म्हणून चालतात, उंच छत, वेताच्या खुर्च्या, सगळं जागच्या जागी. पण माथेरानला गाडी वर जात नाही, दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. शेठने गेल्या वर्षीच मोठी गाडी घेतली होती आणि तिचा नंबर मिळवण्यासाठी गाडीच्या मानाने पुष्कळ पैसे मोजले होते. ती नाक्यावर एकटी सोडून घोड्यावर बसून जायचं हे त्याला पटलं नाही. घोड्यावर तो एकदाच बसला होता, वरातीत, आणि तेव्हाही घोड्याची भूमिका सहकार्याची नव्हती.

तिसरा पर्याय जाधवगडाचा होता आणि तो सगळ्यांना एकदम आवडला, कारण फोटोत मोठा दरवाजा होता.

सासवडच्या अलीकडे, दिवे घाट चढून गेल्यावर जाधववाडीत ही गढी आहे. शाहू महाराजांच्या काळातले सरदार पिलाजी जाधवराव यांनी ती १७१० मध्ये बांधली असं सांगतात. तिचं हॉटेल केलं विठ्ठल कामत यांनी. त्यांचे वडील व्यंकटेश कामत चर्चगेटच्या ‘सत्कार’ या उपाहारगृहाचे, आणि विठ्ठल कामतांच्या आत्मचरित्राचं नाव ‘इडली, ऑर्किड आणि मी’. इडलीपासून निघालेला माणूस किल्ल्यापर्यंत पोचला, ही चाल बहुतेक मराठा सरदारांच्या चालीपेक्षा स्वस्तात झाली असावी. गढीत पोहण्याचा तलाव आहे, एक संग्रहालय आहे, त्याचं नाव ‘आई’. पाहुणा दरवाजात आला की तुतारी फुंकली जाते. तुतारी ऐकून वहिनींनी विचारलं असतं, ‘मिरवणूक कोनाची हाय?’ म्हणून मुलीने ही माहिती आधीच देऊन ठेवली.

आता कपडे. २०१५ च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’ पडद्यावर आला आणि तेव्हापासून मराठी लग्न, मुंज, डोहाळजेवण आणि लग्नाचा वाढदिवस यांना पेशवाई चढली ती उतरायला तयार नाही. जाधवगड १७१० चा आणि बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ मध्ये, म्हणजे त्या गढीत पेशवाई वेशात जाणं हे तीन वर्षं लवकर पोचण्यासारखं आहे. पण असल्या हरकती लग्नघरात कुणी घेत नाही, घेणाऱ्याला जेवायला बोलावत नाहीत.

मुलीने आईसाठी शिवलेली नऊवारी मागवली. शिवलेली नऊवारी म्हणजे कमरेला इलॅस्टिक, काष्टा आधीच शिवलेला, एका पायात घाल, दुसऱ्या पायात घाल, झाली तयार. मापं एम, एल, एक्सएल. आजी घरात बसून हे पाहत होती. ती स्वतः आगरी पद्धतीचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं रोज नेसते, डोळे मिटून, एका मिनिटात, आणि ते नेसून तिने भात लावला आहे, झोडपला आहे, विकला आहे. तिला त्या लुगड्यावर फोटो काढून घ्यायची कल्पना कधी सुचली नाही. तिच्या लुगड्याला आता ‘ट्रॅडिशनल’ म्हणतात हेही तिला नातीकडूनच कळलं.

नऊवारी, शेठचा तयार फेटा, एक पितळी समई आणि बॅटरीवर चालणारा कंदील अशी ऑर्डर गेली. पार्सल कुठे आहे हे मोबाइलवर पाहता येतं. पहिल्या दिवशी ते भिवंडीत होतं. म्हणजे वाऱ्याची दिशा नीट असती तर गच्चीवरून हाक मारता आली असती. दुसऱ्या दिवशी ते भिवंडीतून निघालं, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी हबला पोचलं, चौथ्या दिवशी परत भिवंडीत आलं, आणि पाचव्या दिवशी ते देणाऱ्या पोराने फोन करून पत्ता विचारला. तो पोरगा शेठच्याच आळीतला निघाला. महाराष्ट्रभर ‘पार्सल भिवंडीत अडकलंय’ म्हणून लोक कपाळावर हात मारतात. भिवंडीवाल्याचंही तिथेच अडकतं, एवढी समानता आहे.

आणि यातच या सगळ्या प्रकाराची मेख आहे. आज महाराष्ट्रात कुठेही ‘जुन्या काळात’ गेलात तर तिथले तांब्याचे पेले, गोधडीची उशी, माठाच्या आकाराचा दिवा, भिंतीवरची खोटी ढाल-तलवार यांतलं बरंच काही दोन महिन्यांपूर्वी कुठल्या तरी गाळ्यातल्या रॅकवर पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं, वर ‘नाजूक, काळजीपूर्वक हाताळा’ असं छापलेलं. जाधवगडासारख्या ठिकाणी भिंती तरी खऱ्या असतात. कल्याण-भिवंडी परिसरातल्या लॉन्सवर फायबरचे बुरूज आहेत, आतून पोकळ, त्यांत खुर्च्या रचून ठेवतात. भूतकाळ हा आता भारी मागणी असलेला माल आहे, आणि माल म्हटला की तो भिवंडीतून जाणारच.

खरा जुना वाडा पाहायचा तर पूर्ण्याहून फार लांब जायला नको होतं. अंजूरच्या नाईकांचं घराणं वसईच्या मोहिमेत प्रसिद्धीला आलं. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तिच्या मागची जुळवाजुळव करणारे गंगाजी नाईक अंजूरकर याच अंजूरचे. नाईकांचा वाडा आजही गावात आहे. पण तिथे तुतारी वाजवून स्वागत होत नाही, बुफे नाही, आणि पाच-सात किलोमीटरवर जाऊन लग्नाचा वाढदिवस केला तर स्टेटसला काय टाकायचं?

तेव्हा सकाळी सहाला गाडी निघाली. मुलगी ‘सरळ जा, कुठे थांबू नका’ म्हणाली होती. पण आगरी माणूस पुण्याच्या रस्त्याला लागला आणि कार्ल्याला एकवीरा आईला न भेटता पुढे गेला असं होत नाही. गेला तर गाडी बंद पडते असा अनेकांचा अनुभव आहे. एकवीरा आई आगरी-कोळ्यांचं दैवत. एक्स्प्रेसवे सोडून, पायऱ्या चढून, नारळ-ओटी देऊन दर्शन झालं.

देवळाच्या शेजारीच कार्ल्याचं चैत्यगृह आहे. भाविक बहुतेक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. हे लेणं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्याच्या छताला आतून लावलेल्या लाकडी फासळ्या अजून त्या काळच्याच आहेत. सह्याद्रीतल्या एवढ्या पावसात एवढी वर्षं लाकूड टिकलं. पूर्ण्यात प्लायवूडचं कपाट सात पावसाळे काढत नाही. दर्शनी बाजूला एक शिलालेख आहे. त्यात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असं कोरलेलं आहे. श्रेष्ठी म्हणजे शेठच. पैसे दिले, काम पूर्ण केलं, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव लावलं. आमच्या शेठला हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं; बॅनर नको म्हणणाऱ्या मुलीपुढे त्याला दोन हजार वर्षांचा आधार मिळाला असता.

पुढे पुणं, हडपसर, मग वडकी. घाटाच्या पायथ्याशी मस्तानी तलाव लागतो. गाडी तिथेही थांबली, कारण वहिनींनी सिनेमा पाहिला होता. मे महिन्यात तलावात बघण्यासारखं पाणी नसतं. ‘यवरंसंच?’ वहिनी म्हणाल्या. शेठने तलावाकडे जमिनीच्या व्यवहारातला जाणकार पाहतो तसं पाहिलं. ‘रोडटच हाय पन,’ तो म्हणाला.

गढीच्या दाराशी तुतारी वाजली तेव्हा मात्र दोघंही गप्प झाले. फेटेवाला, मिशीवाला द्वारपाल लवून मुजरा करतो, तेव्हा समोरच्याने काय करायचं असतं हे कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही. शेठने हात जोडले, मग सॅल्यूट केला, मग खिशातून शंभराची नोट काढली. सरदारकीची परंपरा पाहता तिसरी गोष्ट सर्वांत बरोबर होती.

आता यातली सगळ्यात मोठी विसंगती. लग्नाचा वाढदिवस साजरा करण्यासाठी जोडप्याने जो काळ निवडला, त्या काळात जोडपं असं काही दिसतच नसे. अठराव्या शतकातल्या वाड्यात पुरुष सदरेवर, सोप्यात, दिवाणखान्यात. बायका माजघरात, स्वयंपाकघरात, न्हाणीघराशी. दोघांची दिवसाउजेडी गाठ पडायला काही कारण लागायचं, आणि कारण सासूबाई तपासून घ्यायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही कुणी अडवून धरलं तर. लग्नाची तारीख कुणाच्या ध्यानात नसे. मोहोर फार आला होता ते वर्ष, किंवा धाकट्या जावेचं पहिलं बाळंतपण झालं त्याच्या आधी, अशा खुणा असत. पाळण्यातून नुकतीच उतरलेली मुलगी लग्न करून आली असेल तर तिला ते लग्न आठवण्याची शक्यताही कमीच.

आणि हे फार मागे जाऊन शोधायला नको. न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ मध्ये रमाबाईंचं लग्न झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवऱ्याने शिकवायला सुरुवात केल्यावर घरातल्या बायकांनी त्यांना किती बोल लावले हे त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० मध्ये आलेल्या पुस्तकात सविस्तर आहे. नवऱ्याजवळ बसून पुस्तक वाचणं हा घरातला मोठा गुन्हा होता. भिवंडीच्या शेजारच्या कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशींना नवऱ्याबरोबर, गोपाळरावांबरोबर, रस्त्याने चालण्यापायी लोकांची टिंगल सोसावी लागली. कल्याणच्या रस्त्यांवरून आज दुचाकीवर जोडपी जातात तेव्हा लोक फक्त हॉर्न वाजवतात, तोही सगळ्यांनाच.

तेव्हा पिलाजीरावांच्या काळातल्या कुणी त्या रात्री गढीत डोकावून पाहिलं असतं तर त्याला एसी, गरम पाण्याचा नळ किंवा तलावात पोहणारी पोरं यांचं नवल वाटलं नसतं. सरदाराच्या घरी काहीही असू शकतं. त्याचे डोळे विस्फारले असते ते एका टेबलाशी समोरासमोर बसून, एकाच वेळी, एकमेकांच्या ताटात हात घालत जेवणारे नवरा-बायको पाहून. आणि त्यातही बायको आधी जेवायला लागली होती.

जेवणात पिठलं, भाकरी, ठेचा होता. हेरिटेज हॉटेलांत हा बेत सहसा असतोच. पूर्वी ज्या दिवशी घरात दुसरं काही नसे त्या दिवशी करायचा, तो आता पाहुण्यांसाठी राखीव झाला आहे. वहिनींनी भाकरी बोटांनी दाबून पाहिली. ज्वारीची होती. घाटावर ज्वारी-बाजरीचीच असणार, पण वहिनी तांदळाच्या भाकरीच्या प्रांतातल्या. पातळ, पांढरी, पापुद्रा सुटलेली, पाण्याच्या हाताने थापलेली ती भाकरी. बाकीच्या सगळ्या या तिच्या दूरच्या नातेवाईक. ‘चांगली हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘पन सुकट असती त बरं झालं असतं.’ महाराष्ट्राच्या पर्यटन धोरणातली ही एक मोठी उणीव आहे. किल्ले, वाडे, राजवाडे यांच्या थाळीत घाट आहे, कोकण आहे, खानदेश आहे; खाडीकाठच्या आगऱ्याचं सुकट, निवट्या आणि चिंबोरीचं कालवण यांना हेरिटेजचा दाखला अजून मिळालेला नाही. कदाचित वासामुळे फाइल पुढे सरकत नसेल.

संग्रहालयात मात्र वहिनी रमल्या. जुनी भांडी, जुन्या घरगुती वस्तू, एकेक निगुतीने मांडलेल्या. शेठ आपला फेटा सांभाळत मागून चालला होता. एका मोठ्या पितळी हंड्यापुढे वहिनी थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. असा हंडा सासरी होता. तसल्या घंगाळात नवरीला हळदीचं पाणी घातलं होतं. घर पाडलं त्या वर्षी ती सगळी भांडी मोडीत गेली आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे आले, आतल्या आत बसणारे, सातांचा सेट. वजनावर घेतली होती की नगावर, यावरून तिथेच दोघांची थोडी चकमक झाली. एवढ्या महागड्या रात्रीतलं सर्वांत मोकळं संभाषण ते होतं, कारण त्याआधी दोघंही फोटोंसाठी हसत होते.

या निमित्ताने आठवण होते २०१९ च्या सप्टेंबरची. राज्य सरकार काही किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाडेकराराने देणार अशी बातमी आली आणि दोन दिवसांत महाराष्ट्र पेटला. किल्ल्यांवर आता लग्नं लागणार, असा बोभाटा झाला. तत्कालीन पर्यटनमंत्री जयकुमार रावल यांना खुलासा करावा लागला की शिवछत्रपतींशी निगडित आणि संरक्षित किल्ल्यांना कुणी हात लावणार नाही, प्रश्न फक्त अवर्गीकृत किल्ल्यांचा आहे. महाराजांच्या गडावर केक कापायचा नाही, यावर सगळ्या पक्षांचं एकमत झालं. एरवी इतकं एकमत लग्नाच्या याद्यांतही होत नाही. ते रास्तच होतं. पण त्याच आठवड्यात कित्येक पडक्या गढ्यांचा एखादा बुरूज पावसात ढासळला असेल, त्यावर कुणी ट्विट केलं नाही. जाधवगडात निदान भिंतींना पायवाट, दिवा आणि झाडलोट मिळते. एखाद्या गढीत तुतारी वाजवून केक कापलेला बरा की तिच्यात बाभळी उगवलेल्या बऱ्या, या प्रश्नाचं उत्तर गढीला विचारलं तर ती बहुधा केक म्हणेल.

खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या आणि टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. हंस कुठल्या शतकातले, हे कळायला मार्ग नाही. टॉवेल सोलापूरचे असावेत. शेठने सवयीप्रमाणे एका हंसाला मानेला धरून उचललं आणि तोंड पुसलं. वहिनींनी दुसरा हंस फोटो होईपर्यंत वाचवला. बॅटरीचा कंदील लावला, तर त्याला चार्ज नव्हता. इलॅस्टिकची नऊवारी मात्र छान बसली, आणि तिच्यात वहिनी सुंदर दिसत होत्या असं शेठ म्हणाला. पंचवीस वर्षांत तो हे पहिल्यांदाच म्हणाला असं वहिनींचं म्हणणं. दुसऱ्यांदा, असं शेठचं. पहिली वेळ कोणती, ते त्याला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेजुरी. सासवडपासून इतक्या जवळ आल्यावर खंडोबाला न जाणं म्हणजे चुलत्याच्या दारावरून हॉर्न न वाजवता जाणं. जेजुरीला नवविवाहित जोडपी जातात आणि नवरा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो. त्या काळात जोडपं दिसत नसे हे वर म्हटलं, त्याला हा एक सणसणीत अपवाद. देवाच्या दारात, दिवसाढवळ्या, सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोला उचलायचं, आणि कुणी काही म्हणायचं नाही. हा बेत कुठल्या हॉटेलच्या पॅकेजात बसवलेला नाही, त्याला एसी नाही, आणि भंडाऱ्याने पांढरा शर्ट कायमचा पिवळा होतो. हळदीला पहाटेपर्यंत नाचणाऱ्या आगऱ्याला तेवढं पिवळेपण परकं वाटायचं कारण नाही.

२००० साली शेठ इथे आला नव्हता. भात लावायचा होता. तेव्हा पाच पायऱ्या बाकी होत्या. आजूबाजूला नुकती लग्नं झालेली पोरं आपापल्या बायकांना उचलून भराभर वर जात होती, त्यांचे मित्र व्हिडिओ काढत होते. शेठने बाह्या सरसावल्या. ‘अवो, गुडगा,’ वहिनी म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. पहिली पायरी चढला. दुसरी चढला. आता बघ्यांतून टाळ्या पडायला लागल्या. तिसऱ्या पायरीवर त्याच्या खिशातला फोन वाजला, आणि वाजत राहिला. वहिनींनी उचललेल्या अवस्थेतच त्याच्या खिशात हात घालून तो काढला, कानाला लावला आणि ऐकला. पूर्ण्याच्या तिसऱ्या गाळ्यावर कंटेनर लागला होता, माथाडी येऊन बसले होते, ड्रायव्हर शिव्या देत होता, आणि गाळ्याची किल्ली कुणालाच सापडत नव्हती.

किल्ली शेठच्या दुसऱ्या खिशात होती.

‘ठेवा मना खाली,’ वहिनी म्हणाल्या, ‘आनि कुलूप तोराला सांगा.’ शेठने मान हलवली, तशीच चौथी पायरी चढला, पाचवी चढला, मग त्यांना खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभा राहिला आणि फोन घेऊन म्हणाला, ‘तोड. पन नवीन कुलूप आपल्याच दुकानातून आन, ऑनलाइन मागवू नको.’